बाटली आडवी झाली, पुढे काय?



नाशिक जिल्ह्यातल्या गावांतून बाया भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'ताई, बाटली आडवी कशी करायची?' ते आता आपल्याला पाठ आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के स्त्री-मतदारांच्या सह्यांचं निवेदन, सह्यांची पडताळणी, गुप्त मतदान. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी 'आडवी बाटली' निवडली तर परवान्याचं दुकान बंद. यादीतल्या, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे! ही अट लावली तर आपले किती आमदार निवडून येतील?

दुसरा प्रश्न काही महिन्यांनी येतो. दुकान बंद झालं, दारू टपरीमागे मिळू लागली. अशाच एका तक्रारीसाठी बायांबरोबर गेले, तर ठाण्यातले साहेब म्हणाले, 'हे एक्साइजचं काम. नाहीतर तुम्हीच पकडून आणा, आम्ही गुन्हा दाखल करतो.'

1949 च्या दारूबंदी कायद्याने बेकायदा विक्रीवर कारवाईचे अधिकार पोलिसांनाही दिले आहेत. गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाचं कर्तव्य आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून तिची प्रत विनामूल्य द्यावीच लागते. नाकारली तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांकडे.

'तुम्हीच पकडून आणा' याला मात्र आपण साफ नकार द्यावा असं मला वाटतं. गुत्ते फोडणाऱ्या बायांचा मला अभिमान आहे. पण धाड घालून पोलीस निघून जातात. नाव सांगणारीला रात्री त्याच गल्लीत झोपायचं असतं. आणि विकणारी कित्येकदा आपल्यातलीच एखादी टाकलेली बाई असते. पंचनामा तिच्यावर होतो, माल पुरवणारा मोकळाच.

चंद्रपूर आठवा. 2010 साली बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. 2021 साली सरकारने ती उठवली. कारण काय दिलं? अवैध दारू वाढली! अंमलबजावणी ज्यांनी करायची त्यांना कोणी जाब विचारला नाही, बायांची मागणीच चुकीची ठरली.

तेव्हा यापुढे सह्यांच्या निवेदनाबरोबरच ठाण्यालाही पत्र द्या: दुकान बंद झाल्यावर गस्त कोण घालणार, खबर देणारीचं नाव गुप्त कसं राहणार? दर ग्रामसभेला पोलीस पाटलांना विचारा, किती खबरी दिल्या, किती गुन्हे नोंदले, माल पुरवणारे किती सापडले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत आम्हाला पाठवा.