अभंगाच्या साथीचे सोवळे

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या घोषाने ब्रह्मगिरीचा पायथा दुमदुमून जातो. या घोषाशी ज्यांचे कान जुळलेले आहेत, त्यांना तोच अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने, जाझच्या वळणाने ऐकू आला तर ते दचकणे स्वाभाविक आहे. गेल्या दशकात असे दचकण्याचे प्रसंग वाढले आहेत. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या तरुण वादकांच्या संचांनी संतवाणी पाश्चात्त्य वाद्यांसह रंगमंचावर आणली. तरुणांनी तिला टाळ्या दिल्या आणि परंपरेच्या अनेक अभिमान्यांनी नाके मुरडली. हा वाद जुनाच आहे; परंतु तो ज्या गृहीतांवर घातला जातो, ती एकदा तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

पहिले गृहीत असे, की अभंगाचे एक ‘मूळ रूप’ आहे आणि त्याला हात लावणे म्हणजे त्याचा भंग करणे होय. हे मूळ कोणते? आज गावोगावच्या भजनात पेटी अपरिहार्य मानली जाते. ही पेटी युरोपातून आली. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये तिचे एकस्व नोंदले गेले आणि पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले. भारतीय स्वरांच्या सूक्ष्म छटा तिच्यातून निघत नाहीत, या कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. भजनी मंडळांनी मात्र त्या बंदीची फिकीर केली नाही. जे वाद्य तज्ज्ञांच्या लेखी परके आणि सदोष होते, ते टाळकऱ्यांच्या लेखी केव्हाच आपले झाले होते.

‘संत तुकाराम’ या प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यातील बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त देणारे पद तुकोबांचे नव्हे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. तरीही लोकांनी ते अभंग म्हणूनच स्वीकारले. पुढे पंडित भीमसेन जोशी यांनी ‘संतवाणी’ ख्यालगायकाच्या दमसासाने मैफलीत मांडली; ती वारकरी भजनाच्या चालीहून कितीतरी वेगळी होती. तिने सोवळे मोडले, असे म्हणण्यास आज कोणी धजणार नाही. आणि परंपरेचाच दाखला हवा असेल, तर ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत आणला तो गुरूच्या आज्ञेने. ते गुरू म्हणजे त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ असलेले निवृत्तिनाथच. माध्यम बदलण्याची आज्ञा हाच ज्या संप्रदायाचा आरंभ, त्याच्या नावाने बदलावर बहिष्कार घालणे विसंगत नव्हे काय?

तथापि, पूर्वी सारेच बदलत आले म्हणून आता काहीही चालेल, हा युक्तिवादही तितकाच आळशी आहे. बदल झाला एवढ्याने तो थोर ठरत नाही. तो का झाला आणि गाण्याला त्यातून काय मिळाले, हे पाहावे लागते. त्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल.

कॅनडात १९४३ मध्ये जन्मलेली जोनी मिचेल ही स्वतः गीत रचणारी, स्वतः चाल बांधणारी आणि गिटार घेऊन एकटीने गाणारी लोकगीतपरंपरेतील कलावती. १९७१ च्या ‘ब्ल्यू’ या ध्वनिमुद्रिकेपर्यंत तिच्या गाण्याला फारशी साथ नसे. जानेवारी १९७४ मध्ये ‘कोर्ट अँड स्पार्क’ प्रसिद्ध झाली आणि तिच्या गाण्याभोवती सॅक्सोफोन, विद्युत्-गिटार, पियानो आणि जाझच्या तालमीत घडलेले तालवादक दिसू लागले. टॉम स्कॉट यांचा ‘एल. ए. एक्स्प्रेस’ हा संच तिच्या साथीला होता. ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. लोकगायिका बाजाराला शरण गेली, असे म्हणण्यास एवढे पुरेसे होते.

वस्तुस्थिती मात्र निराळी होती. मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि तिचा डावा हात अधू राहिला. गिटारवरील रूढ स्वरमेळ त्या हाताला झेपत नसत. म्हणून तिने तारा स्वतःच्या सोयीने निरनिराळ्या स्वरांत जुळविल्या. त्या जुळणीतून असे स्वरमेळ निघाले की ज्यांचे नाव पटकन सांगता येऊ नये. त्यांच्याबरोबर चालणारी लयही सरळ रस्त्याने जाणारी नव्हती. रॉक संगीताच्या वादकांना ही वळणे पकडता येईनात. ती जाझच्या वादकांना पकडता आली, कारण उपज हाच त्यांच्या कलेचा प्राण आहे. म्हणजे जाझ तिच्या गाण्यावर बाहेरून चढविलेला दागिना नव्हता. तिच्या एकटीच्या गिटारीत तो आधीपासून दडलेला होता. १९७४ मध्ये त्याला फक्त सोबती मिळाले.

या निवडीची किंमतही तिने मोजली. यश मिळालेल्या वाटेवरच ती थांबती, तर बाजाराने तिला डोक्यावर घेतले असते. ती पुढे गेली. १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेवर अनेक समीक्षक नाराज झाले. १९७९ मध्ये तिने मृत्युशय्येवर असलेल्या चार्ल्स मिंगस या जाझ रचनाकाराबरोबर केलेले काम ‘मिंगस’ या नावाने प्रसिद्ध केले, आणि त्याचा खप पूर्वीच्या मानाने उतरला. जी शरणागती खप घटवते, तिला शरणागती कसे म्हणावे? २०२२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती पूर्वसूचनेवाचून गायला उभी राहिली, तेव्हा श्रोत्यांनी तिला आपली म्हणूनच स्वीकारले. याच महोत्सवात १९६५ मध्ये विद्युत्-गिटार हाती घेतल्याबद्दल बॉब डिलनची हुर्यो उडविली गेली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जाझचा महाराष्ट्राशी संबंध कालपरवाचा आहे, असेही नाही. त्र्यंबकहून निघालेली गोदावरी ज्या पुणतांब्यावरून वाहते, त्या गावी १९१८ मध्ये रामचंद्र चितळकर जन्मले. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या या संगीतकाराने, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी, ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतून पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय घरोघर पोहोचविली. गोव्याचे चिक चॉकलेट यांच्यासारखे जाझवादक त्यांच्या साथीला होते. अशा संगीताने अभिरुची बिघडते, या समजुतीने नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. सी. रामचंद्रांच्याच चालीवर १९६३ मध्ये लता मंगेशकरांनी दिल्लीत गायिलेल्या हुतात्म्यांच्या गीताने पंतप्रधान नेहरूंचे डोळे पाणावले. ट्रम्पेटची संगत केल्याने चितळकरांच्या चालीतील मराठी आर्तता आटली नाही.

मग परंपरेच्या अभिमान्यांची तक्रार निव्वळ आकसाची आहे काय? नाही. ती खरी आहे. फक्त तिचा रोख चुकला आहे. मिचेलचे गाणे एका व्यक्तीचे मनोगत आहे. ते ऐकण्यासाठी आहे. अभंग हा ऐकण्याइतकाच म्हणण्यासाठी आहे. चाल सांगणारा एक चरण म्हणतो आणि ध्रुपद पुन्हा टाळकऱ्यांकडे येते; ज्याचा गळा बेसूर आहे, त्यालाही त्या घोळक्यात जागा असते. अभंग रंगमंचावर चढला, की गाणारा आणि ऐकणारा यांच्यात प्रकाशाची एक रेघ ओढली जाते. ही रेघ गिटारने ओढलेली नाही. शास्त्रीय मैफलीत ती होती, ध्वनिमुद्रिकेत होती, आणि मंडपातील कर्ण्यांच्या कर्कश भिंतीतही आहे. ज्या भजनात ध्वनिवर्धकामुळे शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, तेथे वाद्ये अस्सल देशी असली तरी भजन हरवलेलेच असते.

म्हणून अशा प्रयोगांची कसोटी वाद्यांच्या कुळावरून लावणे व्यर्थ आहे. संतांचा शब्द साथीच्या गलबल्यात बुडतो की स्पष्ट उमटतो? नवी लय त्या चालीच्या पोटातून निघाली आहे, की बाजारातून आणून तिच्यावर लादली आहे? आणि श्रोत्याच्या वाट्याला नुसत्या टाळ्या येतात, की ध्रुपद त्याच्याही ओठी येते? या तीन प्रश्नांना जो प्रयोग उतरतो, त्याला सॅक्सोफोन आड येणार नाही. जो उतरत नाही, त्याला मृदंगही तारणार नाही.

आणखी एक गोष्ट या वादात सहसा बोलली जात नाही. बदलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळत नाही. शहरातील सुशिक्षित तरुणाने अभंगाला जाझची साथ दिली, तर तो ‘प्रयोग’ ठरतो. खेड्यातील गोंधळी, वाघ्या किंवा भजनी बुवा मात्र महोत्सवाच्या व्यासपीठावर ठराविक पोशाखात, ठराविक मिनिटांत, ‘अस्सल’ तेवढेच सादर करावे या अटीवर बोलावला जातो. त्याने हाती इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड घेतला, की तोच संस्कृतीचा ऱ्हास समजला जातो. लोककलावंत हा संग्रहालयातील वस्तू नव्हे. पोलिओने अधू झालेल्या हातासाठी तारा नव्याने जुळविण्याचा जो अधिकार मिचेलला होता, तो त्र्यंबकच्या वाटेवरील दिंडीत चाल सांगणाऱ्यालाही आहे. त्याला ध्वनिमुद्रणाची सोय, चांगले सहवादक आणि चुकण्याची मुभा मिळाली, तर जे निपजेल ते शहरी प्रयोगाहून अधिक मुळाचे असण्याचा संभव आहे.

हे घडवून आणणे शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. स्नेहसंमेलनात गिटारवर अभंग बसविणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी दटावू नये. पण तालमीला आरंभ करण्यापूर्वी त्यांना गावच्या भजनी मंडळात चार रात्री टाळ घेऊन बसवावे. शब्द कोठे तोडायचा, ठेका केव्हा चढवायचा आणि कोठे थांबून ध्रुपद इतरांच्या स्वाधीन करायचे, हे ध्वनिफितीवरून कळत नाही. त्या मंडळाच्या बुवांनाही मग संमेलनाच्या मंचावर पाहुणे म्हणून नव्हे, तर सहकलाकार म्हणून मानधन देऊन बोलवावे. जो मुलगा अशा रीतीने टाळ वाजवायला शिकेल, त्याने पुढे कोणते वाद्य हाती धरावे याची चिंता वाहण्याचे कोणाला कारण उरणार नाही.