नाण्यावरचे मुख आणि राज्याची सीमा

१/ ‘जिथे सम्राटाचे नाणे, तिथे सम्राटाचे राज्य’ हे गृहीत धरून इतिहासाचे कितीतरी नकाशे येथे रोज रंगवले जातात. हे गृहीतक चुकीचे आहे. युफ्रेटिसकाठचे दूरा-युरोपोस हे सरहद्दीवरील नगर त्याचा सप्रमाण प्रतिवाद करते.

२/ आजच्या सीरियातील हे नगर इ.स.पू. ३०० च्या सुमारास सेल्युकिडांनी वसवले. पुढे ते पार्थियनांकडे गेले, इ.स. १६५ मध्ये रोमनांकडे आले आणि इ.स. २५६ च्या सुमारास ससानियनांनी ते उद्ध्वस्त केले. १९२८ ते १९३७ दरम्यानच्या उत्खननांत येथे सुमारे १४,००० नाणी मिळाली.

३/ नगरावर पार्थियनांचा अंमल असतानाही येथील सुट्या व्यवहारात अँटिऑकची नाणी मोठ्या प्रमाणात होती. अँटिऑक तर रोमन सीरियाची राजधानी! केवळ नाणी पाहून नकाशा रंगवणारा दूराला शतकभर आधीच रोमन ठरवील.

४/ व्यापाऱ्याला सुटे पैसे लागतात. ते पाडणाऱ्याच्या राजनिष्ठेशी त्याला कर्तव्य नसते.

५/ रोमन काळातही दूराची स्वतःची टांकसाळ नव्हती. एडेसा, कॅऱ्ही, निसिबिस, अगदी आशिया मायनरमधील सीझरिया, अशा अनेक नगरांची नाणी येथे एकत्र फिरत. एकाच साम्राज्यात सुट्या पैशांच्या टांकसाळी अनेक होत्या.

६/ हाच न्याय आपल्याकडे लावून पाहा. कोइमतूर परिसरात ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदीची नाणी सापडली, म्हणून तेथे रोमचे राज्य होते असे कोणी म्हणेल काय?

७/ कालनिर्णयातही हीच घाई होते. नाणे पाडल्याचे वर्ष म्हणजे ते जमिनीत गेल्याचे वर्ष नव्हे. १९ क्रमांकाच्या बुरुजाजवळील भुयारात मरून पडलेल्या रोमन सैनिकांजवळची नाणी एवढेच सांगतात की, त्यांतील सर्वांत नवे नाणे पडण्यापूर्वी हा वेढा घडलेला नाही.

८/ हे सारे कळले, कारण कोणते नाणे कुठे सापडले याची नोंद झाली. २०११ नंतरच्या यादवीत दूरा लुटारूंनी अक्षरशः पोखरून काढले. तिथून बाजारात गेलेले नाणे कोणी पाडले हे सांगेल. कोणी वापरले, हे कधीच सांगणार नाही.

९/ म्हणून नाण्याचे छायाचित्र पाहून हरखण्याआधी एक प्रश्न विचारा: हे सापडले कुठे? उत्तर नसेल, तर नकाशा रंगवू नका.