डोळे मिटून गाणं सापडत नाही

आमच्या सूतगिरणीत मध्यंतरी मालकाने शिबीर भरवलं. रातपाळी सुटल्यावर आम्हाला घरी सोडलं नाही, कँटीनच्या हॉलात बसवलं. पांढऱ्या कपड्यातला एक बुवा आला. बुवा म्हणायचं नाही, ट्रेनर म्हणायचं. तो म्हणाला, डोळे मिटा. प्रत्येकाच्या आत त्याचं स्वतःचं एक गाणं असतं. ते ऐका. ते सापडलं की तुमचा खरा 'मी' सापडेल. मग ताण राहणार नाही, तक्रार राहणार नाही.

मी डोळे मिटले. रात्रभर साच्यावर तारा जोडून बोटं हुळहुळत होती. आत काय ऐकू आलं? साच्याची घरघर. ती पाळी सुटल्यावरही दोन तास कानात राहतेच. तिच्याखाली चौदा एप्रिलला वाजलेला डीजे. त्याच्याखाली काही नाही. शेजारचा पोरगा बसल्याबसल्या घोरत होता. आमच्यात तोच शहाणा.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण घरी येऊन झोप लागेना. मी कविता करतो. कॉलेज पाहिलं नाही, रद्दीतली पुस्तकं वाचून अक्षराला अक्षर जोडलं. चार माणसं मला कवी म्हणतात. आणि माझ्या आत माझं म्हणावं असं एक गाणं नाही? हा सवाल मी तुमच्यापुढे टाकतो. तुमच्या आत आहे का, ते छातीवर हात ठेवून सांगा.

आधी त्या बुवाचा हिशेब करू. 'खरा मी' म्हणजे काय? देहात बसलेला, जगाशी देणंघेणं नसलेला, शांत शांत कोणीतरी? त्यालाच हे लोक हजारो वर्षं आत्मा म्हणत आले. बुद्धाने तो नाकारला. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, ते गेल्यावर, आधी इंग्रजीत आला. त्यातही आत्म्याला जागा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आज्या-पणज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय मालकाच्या कँटीनमध्ये आत्मा धुंडाळायला? पगार वाढवून मागणारा 'मी' खोटा आणि गप बसणारा 'मी' खरा, हे तत्त्वज्ञान कुणाच्या फायद्याचं आहे ते सांगायला ट्रेनर लागत नाही.

पण आत्मा नाही म्हणून सवाल मिटत नाही. कारण एक खोटा 'मी' आपल्याला खरोखरच दिला होता. गावाने दिला होता. 'जोहार मायबाप' म्हणणारा. पाटलाच्या दारात आवाज बारीक करणारा. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आपला गळा घडवला. तो गळा मोडून दुसरा आवाज काढायचा, ही खरी गोष्ट. तो आवाज आत तयार होऊन पडलेला नसतो. तो काढावा लागतो. आणि कोणासाठी तरी काढावा लागतो.

हे मला कळलं सायखेड्याला, माझ्या आत्याकडे.

सायखेडा निफाड तालुक्यात, गोदेच्या काठाला. नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात आपल्या लोकांनी सत्याग्रह मांडला. त्या मंदिरापासून हाकेवरून वाहणारी गोदा पुढे सायखेड्याला येते. आत्याचं घर नदीकडच्या अंगाला. २०१६ च्या ऑगस्टात पूर आला, सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं. आत्याची भांडी गेली, कोठी गेली, फोटो गेले. जातं तेवढं गेलं नाही. ते गाळात रुतून बसलं. मी आणि तिच्या पोराने पहारीने उकरून काढलं. मी म्हणालो, आत्या, आता पिठाची गिरणी आहे, हा दगड कशाला? ती म्हणाली, "दगड नाही रे बाबा तो. माझी वही आहे ती."

आत्याला अक्षर येत नाही.

मग तिने सांगितलं. "दळायला बसलं का आपोआप यायचं. कोणी शिकवलं नाही. तवा घरात बोलायची सोय नव्हती, बाहेर बोलायची त्याहून नव्हती. जात्याला सांगायचं." आणि तिने ओव्या म्हटल्या. एकीत तिचा दुखरा खांदा. एकीत दारू पिऊन येणारा नवरा. एकीत दिवाळीला न्यायला न आलेला भाऊ. आणि लगेच पुढच्या ओवीत भीमराव भाऊ होऊन तिच्या दारात आला. तिच्यासाठी साडीचोळी नाही आणली, लेकरांसाठी पाटी-पेन्सिल आणली. सख्खा भाऊ नाही आला ते दुःख आणि बाबासाहेब आले तो आनंद, एकाच दमात, एकाच चालीत.

शहरातले साहित्यिक आम्हाला सांगतात, तुमच्या कवितेत नुसतं 'आम्ही-आम्ही', 'मी' कुठे आहे? त्यांना माझ्या आत्याच्या जात्याजवळ आणून बसवा. तिच्या 'मी'ला चळवळीपासून वेगळा काढून दाखवा म्हणावं.

आणि आत्या एकटी नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आपल्याच बायांच्या. कुणी त्यांना बाप केलं, कुणी भाऊ. परक्या माणसांनी वही घेऊन जात्याशी बसायचं आणि आपण? आपण ओवी म्हणजे जुनाट, देवाधर्माचं, बायकांचं, म्हणून सोडून दिली. मीही सोडली.

शेजारच्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गाव आहे. तिथे १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. मुंबईत मजुरी केली, अक्षरं मोठेपणी शिकले. २००४ साली गेले तेव्हा हजारोंनी गाणी मागे ठेवून गेले. त्यांच्याही आधी याच नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांचा जलसा निघाला. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे ढोलकीवर सांगितलं. या माणसांनी डोळे मिटले नव्हते. उघडे ठेवले होते. म्हणून त्यांना गाणं सापडलं. आणि त्या गाण्याने ज्यांनी ऐकलं त्यांना स्वतःचं नाव सापडलं.

आता आपली पाळी. आपला हिशेब.

गेल्या चौदा एप्रिलला मी सायखेड्यात होतो. वर्गणी मागायला मी फिरलो. त्यातला मोठा वाटा डीजेला गेला. आत्याला आम्ही मानाने पुढच्या खुर्चीवर बसवलं. तिने विचारलं, "मी दोन ओव्या म्हणू का?" मी म्हणालो, "आत्या, पुढच्या वर्षी." ती कानावर हात ठेवून बसून राहिली. त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून बाबासाहेबांचंच गाणं वाजत होतं. पण ते कोणाच्याच तोंडात नव्हतं.

नाचू नका असं मी म्हणत नाही. ज्या रस्त्यावरून वरात काढली म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्या रस्त्यावर नाचायचा आपला हक्क आहे. नाचा, दणकून नाचा. पण डीजे बंद झाल्यावर तुमच्या तोंडात काय उरतं ते पाहा. भाड्याचा आवाज रात्री ट्रकमध्ये बसून निघून जातो. माझ्या आत काही नव्हतं ते म्हणूनच नव्हतं. मी माझा आवाज भाड्याने आणला होता.

आणि कोणी म्हणेल, गाणं सापडलं की मन शांत होतं, तर त्याला शाहीर विलास घोगरेंचं नाव सांगा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेंनी स्वतःचा जीव संपवला. त्या मरणाचा मी उत्सव करत नाही. तो शाहीर आपल्याला जिवंत हवा होता. पण एक कळतं. खरं गाणं माणसाला दुसऱ्याच्या दुःखापासून सोडवत नाही, बांधून टाकतं. म्हणून ते एकट्याच्या गळ्यावर टाकायचं नसतं. एक शाहीर गातो आणि आपण टाळ्या पिटतो, हे बंद झालं पाहिजे. ओझं वाटून घेतलं पाहिजे.

म्हणून मित्रांनो, सरळ सांगतो. येत्या जयंतीला डीजे लागायच्या आधी एक तास माईक बायांच्या हातात द्या. प्रत्येक वस्तीत एक वही करा, म्हातारीकोतारी काय म्हणतात ते लिहून घ्या, म्हणणारीचं नाव घालून लिहा. आणि प्रत्येकाने आपलं एक कडवं करा. वामनदादांची नक्कल नको, माझी तर नकोच. आपल्या खांद्याचं, आपल्या पगाराचं, न आलेल्या भावाचं आणि आलेल्या भीमाचं. चाल मोडकी असली तरी चालेल. गळा आपला पाहिजे.

परवा आत्याकडे वही घेऊन गेलो. जात्याला हात लावून बसली. अर्ध्या ओव्या आता तिला आठवत नाहीत. मधेच थांबते, माझ्याकडे बघते. मी 'पुढच्या वर्षी' म्हणालो होतो, ते वर्ष हे.

परत निघालो तर म्हणाली, "राहिलेलं तू जोड."

रातपाळीला साच्यावर उभा राहून ते जोडतोय. तार तुटते, बोटाने जोडतो, आणि घरघरीच्या वर आवाज काढून म्हणून बघतो. शेजारचा पोरगा आता घोरत नाही. विचारतो, पुढे काय?

जयभीम.