शेवटची चार शून्ये

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या संगणकावर मी पाचवी ते आठवीच्या मुलांची यादी उघडली आणि हबकलो. सगळ्या मुलांचा विद्यार्थी क्रमांक एकच झाला होता. शेख असो, पटेल असो, बागवान असो, प्रत्येकाच्या क्रमांकाच्या शेवटी चार शून्ये.

चूक माझीच होती. 'सरल'मधला विद्यार्थी क्रमांक एकोणीस अंकी असतो. आधी चार अंकी वर्ष, मग शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, शेवटी मुलाचा चार अंकी अनुक्रम. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतो, पुढच्या जागी शून्ये भरतो. चार अधिक अकरा, पंधरा. म्हणजे वर्ष राहिलं, शाळा राहिली आणि मूल तेवढं पुसलं गेलं. मी ती फाइल डबल क्लिक करून उघडली होती आणि वर सेव्हही केली होती. मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो.

हे लिहिण्याचं कारण असं, की आपल्या समाजात संगणक-शिक्षणाविषयी फार मोठं बोललं जातं. जलशात पाहुणे येतात, मुलांनी कोडिंग शिकावं म्हणतात, टाळ्या पडतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंग आहे. माझा त्याला विरोध नाही. पण ज्या मुलीला मांजर पडद्यावर नाचवता येतं, तिला वडिलांच्या दुकानाची उधारीची यादी नीट ठेवता येत नसेल, तर ती तालीम अर्धीच. रोजच्या कामातल्या बारीक युक्त्या कुणी शिकवत नाही. त्या 'क्लार्कचं काम' ठरतात. मला वाटतं, सुरुवात तिथूनच व्हावी.

क्रमांकाचंच घ्या. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो: या आकड्यांची आपण कधी बेरीज करणार आहोत का? नसेल तर ती संख्या नाही, तो मजकूर आहे. आधार, मोबाइल, बँक खातं, हजेरी क्रमांक, पिनकोड, सगळे मजकूर. एक्सेलमध्ये लिहिण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करायचा. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडायचीच नाही. 'डेटा' मेनूतून आत आणायची आणि आणताना त्या रकान्याला टेक्स्ट म्हणायचं.

आणि हा प्रश्न साधन बदललं तरी बदलत नाही. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो म्हणून मी निर्धास्त होतो. पण पांडासने यादी वाचताना एका मुलाचा क्रमांक रिकामा निघाला, की तो अख्खा रकाना दशांश होतो आणि शेवटचे अंक पुन्हा बिघडतात. वाचतानाच 'डीटाइप' स्ट्रिंग सांगितला की प्रश्न मिटतो. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकाचा भरवसा नाही. आपल्या एकोणीस अंकांच्या पातळीवर तर लागोपाठची अडीचशे मुलं एकाच संख्येत कोंबली जातात. एसक्यूएलमध्ये तक्ता करताना साधा 'इंट' दिला तर क्रमांक मावतच नाही, 'व्हारकॅर' द्यावा.

तारखांचं दुखणं वेगळं. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकलेला. माझ्या अब्बांचाही तोच. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०१/०६ लिहिल्यावर तो ६ जानेवारी समजतो. गंमत अशी, की २५/०६ लिहिलं तर तो गप्प राहतो, कारण पंचविसावा महिना नसतो. तो मजकूर म्हणून तसाच ठेवतो. त्यामुळे यादीतल्या अर्ध्या तारखा उलटतात, अर्ध्या शाबूत राहतात आणि कुणाला संशयही येत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी २०१२-०६-२५ या थाटात तारीख लिहिली तर बहुतेक साधनं ती सरळ वाचतात. वर फायदा असा, की अकारविल्हे लावली तरी क्रम बरोबर लागतो.

पण माझा खरा जीव अडकतो तो नावांत. आमच्या होटगीला एकेकाळी मीटरगेज आणि ब्रॉडगेज भेटत. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळांवर जात नसे, माल उतरवून पुन्हा भरावा लागे. आपली नावं तशीच उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत उतरवली जातात आणि प्रत्येक हमालीत काहीतरी सांडतं. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद, सगळी एकाच मुलाची कागदपत्रं. शिष्यवृत्तीच्या वेळी ती जुळत नाहीत. एका मुलीचे वडील माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाले होते, "सर, इत्तासा नाम है, वो भी हर जगा अलग?" मी मान खाली घातली, कारण त्यातला एक कागद माझ्या हातचा होता.

त्यात संगणक स्वतःची भर घालतो. 'फ़ातिमा'तला नुक्त्याचा फ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक अक्षर म्हणून किंवा फ आणि नुक्ता वेगवेगळे. पडद्यावर दोन्ही एक, शोधताना मात्र दोन वेगळ्या मुली. उर्दूत तर अरबी कळफलकाची 'ये' आणि उर्दू कळफलकाची 'ये' यांचे कोड वेगळे. 'काफ'चंही तेच. नुक्त्याचा फरक पायथॉनच्या 'नॉर्मलाइझ'ने जातो. 'ये' आणि 'काफ' मात्र आपणच बदलून घ्यावे लागतात. शिवाय वेब पानावरून उचललेल्या नावामागे न दिसणारी एक मोकळी जागा चिकटून येते. एक्सेलच्या 'ट्रिम'ला ती काढता येत नाही, कारण ती साधी मोकळी जागा नसून कॅरॅक्टर १६० असते. 'सब्स्टिट्यूट'ने ती घालवावी, मग व्हीलुकअप जुळतो. हे कळेपर्यंत मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

आणि 'रिप्लेस ऑल'पासून सावध. मी एकदा ऱ्हस्व 'अलि' दीर्घ करायला गेलो, तर अलिशाची अलीशा आणि अलियाची अलीया झाली. मग शहाणपणा म्हणून पायथॉनमध्ये शब्दसीमेची खूण लावली. झालं उलटंच! अलिशा सापडली, एकटा अलि सापडेना. पायथॉनचं नेहमीचं 're' मॉड्यूल (म्हणजे आर आणि ई) वेलांटीला शब्दाचा भाग मानतच नाही. त्याच्या लेखी वेलांटीशी शब्द संपतो आणि 'श'पासून नवा सुरू होतो. आपल्या लिप्यांसाठी सीमा म्हणून मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट वापरणं बरं. मराठी व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे पाहून राग यावा की हसू, कळत नाही.

जुन्या फाइलींबद्दल एवढंच: इनपेजमधला उर्दू मजकूर आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेऊन ठेवा. त्या फॉन्टशिवाय तो उद्या कुणालाही वाचता येणार नाही. रूपांतरानंतर एकदा डोळ्यांनी वाचून काढा, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. सीएसव्ही जतन करताना 'यूटीएफ-८' असलेला पर्याय निवडा, नाहीतर एक्सेलमध्ये नावांच्या जागी किडे दिसतील.

कुणी म्हणेल, हे शिक्षकाचं काम आहे का? नाही. कारकून मिळाला तर उद्या सोडतो. पण मिळाला तरी आपल्या मुलीचं नाव कुठल्या रकान्यात कसं बसलंय हे पाहण्याची नजर मोहल्ल्यात दहा-बारा जणांकडे असायला हवी आणि ती इंग्रजी पुस्तकातून येणार नाही. आठवीच्या मुलींना मी हे उर्दूत सांगतो, त्या घरी जाऊन भावाला दखनीत सांगतात.

संगणकाशेजारी आता एक वही टांगली आहे. जो कुणी अडतो तो काय अडलं आणि कसं सुटलं ते दोन ओळींत लिहितो, उर्दूत किंवा मराठीत. पहिल्या पानावर माझी चार शून्ये आहेत. परवा एका मुलीने लिहिलंय की दुकानाच्या उधारीच्या यादीत एकच गिऱ्हाईक तीन स्पेलिंगांनी तीन वेळा होतं आणि अब्बांना वाटत होतं ती तीन माणसं आहेत. एकूण बाकी किती निघाली, ते मात्र तिने लिहिलं नाही.