एक संगणक, अनेक पडदे

एका पडद्यावर खतावणी, दुसऱ्यावर बाजारभाव, तिसऱ्यावर जी.एस.टी.चे विवरणपत्र, अशी आज पुष्कळ पेढ्यांची निकड आहे. त्यासाठी तीन संगणक मांडणे आम्हांस उधळपट्टी वाटते. आणि खेळांकरिता घडविलेले महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे, हीही उधळपट्टीच. अपरिग्रहाची गोष्ट दूरच राहो, साधा हिशेबही तेच सांगतो. आकडे व अक्षरे उमटविण्यास असे कितीसे बळ लागते? एकाच कार्डावर सहा पडदे चालविण्याची सोय ए.एम.डी.ने २००९ सालीच आणली होती. हल्ली तर अनेक साध्या संगणकांवर वेगळ्या कार्डावाचूनही दोन-तीन पडदे चालतात. मात्र सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये खरेदीस जाणाऱ्या बंधूंनी केवळ जोडण्या मोजून समाधान मानू नये. तीन जोडण्या असूनही एका वेळी दोनच पडदे उजळणारी जुनी कार्डे आहेत. एका वेळी किती, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.