तिसऱ्या दिवसाचा डबा

जळगाव असो की धुळे, प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावर औषधाचे दुकान असतेच. तिसऱ्या दिवशी रात्री बाळाचा बाप नाहीतर मामा जिना उतरतो आणि पावडरीचा डबा घेऊन वर जातो. कधी डॉक्टरांची चिठ्ठी असते, कधी आयाबाईचा सल्ला असतो. बहुतेकदा कारण एवढेच असते, की बाळ रडते आहे आणि 'तुले दूधच नही' असा निकाल खोलीतल्या कुणीतरी वडीलधारीने दिलेला असतो. डबा उघडतो, वाटी-चमचा किंवा बाटली येते, बाळ गाढ झोपते, सगळ्यांना हायसे वाटते. आईच्या दुधाला उतरती कळा लागते ती नेमकी त्या रात्रीपासून. खान्देशातल्या हजारो घरांत हे घडते आहे आणि ते कुणालाच गंभीर वाटत नाही, म्हणून आम्ही ही धोक्याची घंटा वाजवत आहोत.

राज्याचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये महाराष्ट्रात जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण 57.5 टक्के होते. 2019-21 मध्ये ते 53.2 टक्क्यांवर उतरले. याच काळात रुग्णालयातली बाळंतपणे 90 टक्क्यांवरून 95 टक्क्यांच्या जवळ गेली. म्हणजे घरातली सुईण गेली, डॉक्टर आले, प्रशिक्षित परिचारिका आली, आणि तरीही पहिल्या तासात आईच्या कुशीत जाणाऱ्या बाळांचा वाटा घटला. यापेक्षा लाजिरवाणी प्रगती कोणती? याच सर्वेक्षणात सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण 56.6 वरून 71 टक्क्यांवर गेल्याचे दिसते. ती कमाई खरी आहे आणि तिचे श्रेय आशाताई व अंगणवाडी सेविकांना द्यायलाच हवे. पण हा आकडा 'काल दिवसभरात बाळाला काय दिले' या एका प्रश्नावर उभा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय पाजले गेले, ते त्यात दिसत नाही. आणि 71 टक्के धरले तरी दहातल्या जवळपास तीन बाळांच्या पोटात दुसरे काहीतरी जातेच आहे.

पहिल्या तासाचे महत्त्व ही काही पुस्तकी हौस नाही. घाना देशातल्या सुमारे अकरा हजार नवजात बाळांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवसानंतर पाजायला सुरुवात झालेल्या बाळांचा मृत्यूचा धोका त्यात सुमारे अडीचपट आढळला. पहिला चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. शिवाय लवकर आणि वारंवार चोखल्याने आईच्या शरीराला दूध बनवण्याचा निरोप जातो.

आता दूध 'कमी' का पडते, ते पाहू. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक थोडाच असतो, आणि तो थोडाच असायला हवा. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीकही बाळाला पुरतो. भरभरून दूध उतरते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियन झाले असेल किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी उशिरा. बाळाचे वजन पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दहा-चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते. हे कुणी आधी सांगितलेले नसते. त्यामुळे पिळून पाहिले तर दोन थेंब, काट्यावर वजन उतरलेले आणि बाळ रडते आहे, या तीन पुराव्यांवर आई दोषी ठरते.

यावल-रावेरच्या केळीवाल्याला विहीर जितकी उपसावी तितकी ती आटते, हे पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. बोअर दरवर्षी आणखी खाली जातात. स्तनाचा हिशेब याच्या नेमका उलटा आहे. जितका उपसा, तितका भरणा. बाळ चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. दूध आत साचून राहिले, तर शरीर मागणी नाही असे समजून उत्पादन कमी करते. डब्याने पोट भरलेले बाळ चार तास झोपते, तेवढ्या वेळचे चोखणे बुडते, दूध घटते, संध्याकाळी बाळ पुन्हा रडते, आणि 'बघा, आम्ही म्हणत होतोच' म्हणत दुसरा डबा येतो. पंधरा दिवसांत दूध खरोखरच कमी होते. आधी सुनावलेली शिक्षा नंतर खरी ठरवण्याचा हा प्रकार आहे.

रडणे म्हणजे भूकच, हा समजही असाच घट्ट बसला आहे. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने पावडर उद्योगावर लेखमाला काढली. बाळाचे रडणे, चिडचिड, रात्री कमी झोपणे या साध्या गोष्टींना आजाराचे रूप देऊन त्यावर पावडर हा उपाय कसा विकला जातो, ते तिने दाखवले. जगभरात वर्षाला सुमारे 55 अब्ज डॉलरचा हा धंदा आहे. संध्याकाळी बाळ तासाभरात चार-चार वेळा पिते, तेव्हा ते उपाशी असते असे नाही. दूध पुरते की नाही याची खूण लंगोटात आहे: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची लघवी, आणि पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅम वजनवाढ. एवढे असेल तर दूध पुरते आहे, मग सासू काही म्हणो.

आणि पुरत नसेल तर? पहिला प्रश्न दुधाचा विचारू नये, पकडीचा विचारावा. बाळाचे तोंड मोठे उघडले आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, काळ्या भागाचा खालचा हिस्सा तोंडात गेला आहे का? नुसत्या बोंडावर बाळ लटकले असेल, चुटचुट आवाज येत असेल, बोंडाला चिरा पडल्या असतील, तर तासभर चोखूनही पोट भरणार नाही. हे हाताने, शेजारी बसून शिकवावे लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने स्तनपानाची पद्धत बारीकसारीक मुद्द्यांसह मराठीत चित्रित केलेली आहे आणि ती फुकट पाहता येते. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या किती प्रसूतिगृहांच्या परिचारिकांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न आम्ही जाहीरपणे विचारतो. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे, रात्रीचे पाजणे न चुकवणे (प्रोलॅक्टिन रात्री चढे असते, 'तू आराम कर' म्हणून रात्री बाळ उचलून नेणारी मावशी प्रेमळ असली तरी नुकसान करते), बाळ चोखत नसेल तर स्वच्छ हाताने दूध काढून वाटी-चमच्याने देणे, ही दूध वाढवण्याची खरी त्रिसूत्री. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी खुशाल द्यावी. अंगात ताकद येते, मनालाही बरे वाटते. पण लाडू खाऊन बाळ डब्यावर ठेवले, तर लाडवांचे वजन फक्त आईच्या अंगावर दिसेल.

खान्देशाची एक खास अडचण आहे, तिचे नाव उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो आणि घराघरांत एकच हळहळ सुरू होते, 'लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, घोटभर पाणी दे'. दिले जाते. कधी साखरेचे, कधी ग्राइप वॉटर, कधी घुटी. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असते आणि सहा महिन्यांपर्यंत कितीही उन्हाळा असला तरी बाळाला वेगळे पाणी लागत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगते आहे. लागते ते एवढेच, की बाळाला जास्त वेळा पाजावे. पाण्याच्या घोटाने पोटाची जागा अडते, चोखणे कमी होते आणि माठातले जंतू आयते मिळतात. याउलट जिला पाणी द्यायला हवे त्या बाळंतिणीला 'पोट सुटेल' म्हणून पाणी तोडले जाते! 44 अंशांत, पत्र्याच्या खोलीत, कान बांधून, शेगडी लावून. ज्यांना यात परंपरा दिसते त्यांनी एक दिवस त्या खोलीत बसून पाहावे. मात्र नवजात बाळ सुस्त पडले, अंग तापले, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले तर घुटीच्या वाटेला न जाता लगेच डॉक्टर गाठावा. उन्हाळ्यात दूध नीट न ओढणाऱ्या बाळाच्या अंगातले पाणी फार वेगाने कमी होते.

पथ्याचेही तेच. स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे 2020 चे मानक आहे. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी एक चांगले जेवण. ज्या प्रदेशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाणे आणि उडदाची डाळ घरात आहे, तिथे बाळंतीण वरणाचे पाणी आणि भातावर का? राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. अर्धपोटी आईलाही दूध येते, हा निसर्गाचा मोठेपणा. पण ते तिच्या हाडामांसातून येते.

इथवर आम्ही ज्यांच्याविषयी बोललो त्यांना निदान सव्वा महिना माहेरी मिळतो. कापूस वेचणाऱ्या बाईचे काय? वेचणीची मजुरी किलोवर असते आणि हंगाम कुणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. 2017 पासून प्रसूतीची पगारी रजा 26 आठवडे झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. शेतमजूर बाईला यातले काही लागू नाही. दोन महिन्यांचे लेकरू म्हातारीजवळ ठेवून ती सकाळी जाते, दुपारी तिच्या चोळीला दूध पाझरते आणि घरी बाळ पाणी घातलेले शेळीचे दूध पिते. साक्री, चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हीच कथा सहा महिने चालते. आदिवासी भागात, म्हणजे चोपडा, यावल, रावेर, साक्री, शिरपूरच्या अनुसूचित क्षेत्रात, अमृत आहार योजनेतून स्तनदा मातेला बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत एक वेळचे गरम जेवण मिळण्याची सोय आहे. योजना चांगली, पण जी बाई पहाटेच शेतात गेली तिचे ताट अंगणवाडीत थंड होते. ताट शेतापर्यंत नेता येत नसेल तर निदान वेळ तरी बदला.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. अर्भक दुग्धपर्याय कायदा 1992 चा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरीची कोणतीही जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर बाळाचे चित्र, डॉक्टरांना भेटवस्तू, त्यांच्या परिषदांना पैसा, सारे बेकायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या आगेमागे, 1991 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेली स्तनपान प्रोत्साहनाची राष्ट्रीय संघटना, बीपीएनआय, या विषयावर तेव्हापासून झगडते आहे. खान्देशात मात्र हा कायदा औषध दुकानदाराला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सोयीचा नाही.

एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. खरोखर दूध कमी असणाऱ्या माता असतात. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात झालेला प्रचंड रक्तस्राव, वारेचा राहिलेला तुकडा, स्तनाची शस्त्रक्रिया अशी कारणे असतात. त्यांचे निदान व्हावे आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पावडर द्यावी, त्यात कसलाही कमीपणा नाही. आमचे भांडण आईशी नाहीच. आमचे भांडण आहे ते न तपासता डबा हातात देणाऱ्यांशी. मुदतपूर्व बाळांसाठी तर दुसऱ्या आईच्या दुधाचीही सोय करता येते: मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली.

मागण्या साध्या आहेत. जन्मल्यापासून तासाभरात किती बाळांना पाजले, हा आकडा आरोग्य खात्याच्या मासिक नोंदीत भरावा लागतो. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तो प्रसूतिगृहानुसार, खासगी रुग्णालयांसह, जाहीर करावा. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांतली सुमारे 39 टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. कंबरेखालची भूल दिलेल्या आईच्या छातीवर बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठेवता येते, हे दोन्ही जिल्ह्यांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना आम्ही सांगायला नको. प्रत्येक प्रसूतिगृहात रात्रपाळीलाही पाजणे शिकवू शकणारी एक परिचारिका हवी, कारण डबा रात्री येतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून उभ्या राहिलेल्या घरपोच नवजात सेवेत आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. सिझेरियनवाली आई तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच असते, म्हणून ती भेट घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. आणि खासगी रुग्णालयाने माहेरच्या गावच्या आशाला कळवल्याशिवाय आईला घरी सोडू नये.

दरवर्षी 1 ते 7 ऑगस्टला स्तनपान सप्ताह होतो, फलक लागतात, पोषण आहाराच्या पाककृतींच्या स्पर्धा होतात, पाहुण्यांना गुलाबपुष्प मिळते. यंदा दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तो खर्च वाचवावा आणि त्या सात दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाची व त्याच्या तळमजल्यावरच्या औषध दुकानाची 1992 च्या कायद्याखाली तपासणी करून अहवाल वर्तमानपत्रांना द्यावा. आम्ही तो पहिल्या पानावर छापू.