भुलेतला श्वास आणि सिकल सेल

अफूवर्गीय औषध शिरेत गेले की पहिला फरक श्वासांच्या संख्येत पडतो. मॉर्फिन असो वा फेंटानिल, श्वासाचा ठेका धरणाऱ्या मेंदूच्या देठातील पेशी त्याने मंदावतात. मिनिटाला 14-15 वेळा चालणारा श्वास 6-8 वर येतो. एकेक श्वास मात्र पुष्कळदा खोलच असतो, म्हणून नुसती छाती हलताना पाहून समाधान मानणे धोक्याचे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की एरवी मेंदू श्वास वाढवतो. ही जाग अफूवर्गीय औषध बोथट करते आणि भुलेचा वायू ती आणखी बोथट करतो.

कमी बोलले जाते ते उच्छ्वासाबद्दल. जाग्या माणसाचा शांत उच्छ्वास आपसूक होतो. ताणलेली फुप्फुसे स्वतःच मिटतात. भुलेत अफूवर्गीय औषधासोबत पोटाचे स्नायू उच्छ्वासाला जोर लावू लागतात. पोट घट्ट होते, श्वासपटल वर सरकते आणि उच्छ्वासानंतर फुप्फुसात उरणारी हवा घटते. हा साठा नुसते आडवे झाल्यानेच पाऊण-एक लिटरने उतरलेला असतो, भुलेने आणखी सुमारे अर्धा लिटर जातो. मग तळाचे वायुकोश मिटतात.

फेंटानिल मोठ्या मात्रेत झपाट्याने दिले तर छाती ताठ होते आणि पिशवी दाबूनही हवा आत जात नाही. दोष बराच काळ बरगड्यांच्या स्नायूंना दिला गेला; पुढे दुर्बिणीतून पाहिल्यावर स्वरतंतूच मिटलेले आढळले. स्नायू सैल करणारे औषध दिल्यावर दोन्ही अडथळे सुटतात.

गोरेगावसारख्या पूर्व विदर्भातल्या तालुक्यात हे सारे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते, कारण येथे सिकल सेल घरोघरी ठाऊक आहे. ऑक्सिजन उतरला, रक्त आम्लधर्मी झाले की सिकल सेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मंद श्वासाने नेमके हेच दोन्ही घडते. तरीही या भीतीने वेदनाशामक रोखणे चूकच. पोटावर टाके असलेला रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि छातीचे जीवघेणे दुखणे मागे लागू शकते. औषध द्यावेच, पण थोडे थोडे, परिणाम पाहून.

शस्त्रक्रिया चालू असताना श्वास भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. खरी कसोटी श्वासाची नळी काढल्यावर, वॉर्डात. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर बोटावरचे यंत्र 98 दाखवत राहते आणि कार्बन डायऑक्साइड गुपचूप चढतो. नॅलोक्झोनने श्वास परत येतो, पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी सरतो, म्हणून शुद्धीवर आलेला रुग्णही पुन्हा मंदावू शकतो. परिचारिकेने घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. आणि घरच्यांनी सिकल सेलचे कार्ड शस्त्रक्रियेआधीच भूलतज्ज्ञाच्या हातात द्यावे.